मुखवटा कमलबाईंना, किल्ली कोणालाच नाही

मेहरूण, जळगाव
श्रावणातला शेवटचा शुक्रवार

प्रिय मदिना,

तुला सलाम आणि आशीर्वाद, दोन्ही. (आशीर्वाद एवढ्यासाठी की मी तुझ्यापेक्षा अकरा दिवसांनी मोठी आहे, आणि आयुष्यात काहीही न करता मिळालेला हा एकच मान आहे, तो मी सोडणार नाही.)

काल दुपारी सुई शोधताना शिवणाच्या डब्यात ती पितळी किल्ली हाताला लागली आणि मी थेट भुसावळला, आपल्या कॉन्व्हेंटच्या सातवीत जाऊन पोचले. बुधवार होता. आपण दोघी चिंचेखाली बसून माझ्या दोन खणी डब्यातून जेवत होतो. एका खणात तुझ्या अम्मीचा खिमा, दुसऱ्यात माझ्या आईची कळण्याची भाकरी आणि ठेचा, आणि मधल्या पत्र्याच्या भिंतीला काहीही अर्थ उरलेला नव्हता. तेवढ्यात फाटकातून ती पांढरी गाडी आत आली. क्षयाच्या तपासणीसाठी सगळ्या मुलींचे छातीचे एक्स-रे काढायचे होते. तुझा घास हातातच राहिला. कोणीतरी तुला सांगितलं होतं की त्या गाडीत माणसाच्या आरपार उजेड जातो आणि तो आतून बाहेर यायला कधी कधी विसरतो. तू उठलीस आणि बोर्डिंगच्या लिननच्या कपाटात शिरलीस. मी बाहेरून कुलूप लावलं आणि किल्ली पिनाफोरच्या खिशात टाकली. मग आधी हेमलता पाटील म्हणून आत जाऊन आले, आणि रिबिनी सोडून, एक वेणी घालून, मदिना शेख म्हणून पुन्हा गेले. गाडीतला माणूस दोन्ही वेळा म्हणाला, श्वास घे, धर, सोड. मला दोन्ही वेळा हसू आलं. तिकडे सिस्टर बेनेडिक्टा कपाटासमोर उभ्या राहून चादरी मोजत होत्या आणि आत तू श्वास रोखून बसली होतीस. पुढच्या आठवड्यात त्यांनी दोन्ही फिल्म खिडकीशी धरल्या. दोन्हीत डावीकडची तीच फासळी त्याच जागी वाकडी. त्यांनी आपल्याकडे पाहिलं, ‘रिमार्केबल’ एवढंच म्हणाल्या आणि फिल्म पाकिटात घातल्या. किल्ली मात्र मी परत करायची विसरले. (विसरले नाही. हिंमत झाली नाही.)

आता रीतीप्रमाणे तुझ्या तब्येतीची चौकशी करायला हवी. पण ती मी करणार नाही, कारण मला काहीच माहीत नाही असं मी तुझ्या लेकाला, नईमला, कबूल केलेलं आहे. त्याने गेल्या सोमवारी मला फोन केला नाही. तू जुलैत डाव्या छातीतली गाठ काढून घेतलीस आणि मला मात्र ‘ओट्यावर आपटले, हात दुखतो’ असं कळवलंस, हे त्याने मला सांगितलं नाही. डॉक्टरांनी आता पंधरा दिवस रेडिएशन घ्यायलाच हवं, सप्टेंबर उजाडायच्या आत सुरू करा, उशीर करू नका असं बजावलंय, आणि तू ‘गाठ गेली, मी बरी झाले, आता जिवंतपणी भट्टीत कशाला जाऊ’ म्हणून दार लावून बसलीस, हेही नाही. ‘हेमू खाला, तुम्ही काहीतरी करा’ असं म्हणताना त्याचा आवाज फुटला, तेही मी ऐकलेलं नाही. तेव्हा हे पत्र निव्वळ सहज लिहीत आहे.

आणि सहज लिहिता लिहिता माझं खोटंही सांगून टाकते, म्हणजे तुला माझ्यावर रागावता येईल आणि हिशेब बरोबरीत सुटेल. मदिना, माझा घसा ‘बसला’ नव्हता. स्वरयंत्राच्या पडद्यावर मसुराएवढी गाठ होती, आणि ती तसलीच होती. ऑपरेशन नको, नुसत्या रेडिएशनने जाईल, असं डॉक्टर म्हणाले. तेहेतीस दिवस, सोमवार ते शुक्रवार. मी जूनच्या मध्यावर सुरुवात केली आणि एक ऑगस्टला संपवलं. फोनवर बोलत नव्हते ते म्हणूनच. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं तर तू एक अंगठा दाखवून मोकळी झाली असतीस. पत्राला अंगठा दाखवता येत नाही, म्हणून हे सगळं आता आणि असं. मला इतकं सांगायचं आहे की कुठून सुरू करू ते कळत नाही!

सुरुवात ‘शेक’ या शब्दापासूनच करते. इथे सगळे रेडिएशनला शेक म्हणतात. मेघा (माझी सून, तुला माहीत आहे, बोलण्याआधी डोळ्यांनी हसते ती) पहिल्या दिवशी म्हणाली, आई, आपल्याला शेकासाठी अकराला पोचायचंय. आता जूनमधलं जळगाव, बाहेर चव्वेचाळीस अंश, आणि त्यात शेक! मी माठातल्या पाण्यात पंचा भिजवून पिशवीत घातला, थर्मासमध्ये ताक घेतलं, कपाळाला चंदन लावलं आणि सगळ्यात विरलेलं मलमलचं पातळ नेसले. निघताना देवाला, तुळशीला, ह्यांच्या फोटोला आणि फ्रिजला नमस्कार केला. (फ्रिजला का, ते विचारू नकोस. दिसला म्हणून.) आत गेले तर खोली अशी गार की दात वाजायला लागले. तिथली तंत्रज्ञ पूनम, पंचविशीची, चाळीसगावकडची पोर, माझ्या हातातला ओला पंचा बघून म्हणाली, आजी, आंघोळ करून यायचं होतं, इथे करायची नव्हती. मला टेबलावर निजवलं आणि ती बाहेर गेली. एवढं मोठं यंत्र माझ्याभोवती सावकाश फिरलं, रसवंतीच्या चरकासारखी थोडी घरघर केली आणि गप्प झालं. पूनम परत आली. माझा आवाज तेव्हा निम्माच उरला होता, म्हणून मी पाटीवर लिहून विचारलं, शेक कधी सुरू होणार? ती म्हणाली, झाला की. मी लिहिलं, नीट झाला नसेल, मला काहीच लागलं नाही. तिने खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं, लागत नसतोच. (पाटीवर उत्तर लिहायची तिला काही गरज नव्हती, मला ऐकू व्यवस्थित येतं.) साडेबाराला मी बाहेर येऊन ताक पीत बसले होते. मरणाच्या तयारीने गेलेल्या बाईला दुपारच्या जेवणाला घरी परतावं लागणं यासारखी फजिती नाही.

हो, मरणाच्या तयारीने. हे लपवत नाही. त्याआधीच्या आठवड्यात मी एकरेघी वही आणून, वर समास आखून, कोणाला काय द्यायचं याची यादी केली होती. आणि यादीवर कोण विसंबणार, म्हणून वाटूनही टाकलं. माझ्या जेठाणी कमलबाई पाचोऱ्याला असतात, त्यांना तांब्याचा बंब धाडला. मेघाला नथ आणि शिलाई मशीन. आणि तुला, नईम इकडे आला होता तेव्हा त्याच्या हाती, काही न लिहिता तो दोन खणी डबा. तू उलट निरोप धाडलास, ‘रिकामा का पाठवला?’ त्या रात्री मी खूप रडले आणि मग खूप हसले, कारण डब्याबद्दल हा एकच प्रश्न तू सातवीपासून विचारत आली आहेस.

आता मुखवट्याची गोष्ट. हीच खरी सांगायची आहे. मानेवर किरण सोडायचे तर मान रोज केसभरही इकडेतिकडे व्हायला नको, म्हणून प्रत्येकाच्या चेहऱ्याचा एक जाळीदार मुखवटा करतात आणि तो टेबलाला घट्ट बसवतात. तो करतात कसा? प्लास्टिकचा एक पांढरा पत्रा गरम पाण्यात टाकला की मऊसूत होतो. दोघी दोन बाजूंनी तो उचलतात आणि तोंडावरून मानेपर्यंत ओढून घेतात. कमलबाई हातावर मांडा मोठा करून खापरावर घालतात ना, अगदी तस्सा! फक्त खापर म्हणजे मी. पाच-सात मिनिटांत मांडा कडक होतो आणि तुमचं नाक, हनुवटी, भुवया सगळं त्यात उठून येतं. पहिले दोन दिवस आत गुदमरल्यासारखं झालं. तिसऱ्या दिवसापासून मी आत आपली शाळेची प्रार्थना मनात म्हणायला लागले. ती बरोबर तीनदा म्हणून होईपर्यंत काम संपायचं. (शेवटचं कडवं मला आठवत नाही, तिथे मी सातचा पाढा म्हणायचे.)

आणि यंत्र! मदिना, यंत्राबद्दल मी तासभर बोलू शकते, म्हणजे आवाज असता तर बोलले असते. आपल्या रेल्वे कॉलनीतले ते ब्रगांझा गार्डकाका तुला आठवतात, मला माहीत आहे. मुंबईहून शेक घेऊन आले तेव्हा त्यांची मान भाजल्यासारखी दिसायची आणि आपण रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने जायचो. तुझ्या मनातली भट्टी तीच. पण त्याला पन्नास वर्षं झाली. आता यंत्र रोज आधी फोटो काढतं, कालच्या फोटोशी ताडून बघतं, जुळलं नाही तर पूनमला टेबल सरकवायला लावतं. त्याच्या तोंडाशी बारीक पट्ट्यांच्या दोन रांगा असतात. त्या बोटांसारख्या पुढेमागे होतात आणि गाठीच्या आकाराएवढीच खिडकी उघडी ठेवतात. बाजूच्या चांगल्या भागाला जमेल तेवढं झाकून घेतात. मी डॉक्टरांना पाटीवर इतके प्रश्न विचारले की ते म्हणाले, मावशी, तुम्ही उपचार घ्यायला आलात की परीक्षा घ्यायला? आणि हो, उजेड आत विसरून राहत नाही. टेबलावरून उतरलं की संपलं. हे मी मेघाकरवी शेजारीही नीट कळवलं, कारण आमच्या समोरच्या बाई पहिला आठवडा त्यांचा मोबाईल माझ्यापासून चार हात लांब धरत होत्या.

त्रास झाला का? झाला. मी तुला खोटं सांगितलं तर तुला लगेच कळतं, म्हणून सरळ सांगते. तिसऱ्या आठवड्यापासून गिळताना घशात काच अडकल्यासारखं व्हायचं. मानेची कातडी आधी लाल, मग भरताच्या वांग्यासारखी काळी आणि सुरकुतलेली. (आता सोलून खालून नवी आली आहे, थोडी रंगीबेरंगी.) दुपारी चारला असा थकवा यायचा की हातातला चमचा जड वाटावा. आणि तिखट बंद. खान्देशी बाईला तिखट बंद म्हणजे काय, हे तुला सांगायला नको. मेघा मऊ भात, दूध, केळं कुस्करून द्यायची. कमलबाईंनी फोनवर ऐकलं आणि कळवळून बिनतिखटाची शेवभाजी करून एसटीने डबा पाठवला. बिनतिखट म्हणजे त्यात मिरच्या वाटून घातल्या नव्हत्या, नुसत्या अख्ख्या सोडल्या होत्या.

एकदा मी पळूनही गेले. एकोणिसाव्या दिवशी. रोज मला फारुखभाई रिक्षाने न्यायचे. साठीचे आहेत, रिक्षात गुलाबी पडदे, आणि मी बोलत नाही म्हणून दोघांचं मिळून तेच बोलतात. त्या दिवशी मी बसले आणि हाताने खूण केली, दवाखाना नाही, स्टेशन. मला कुठे जायचं होतं माहीत आहे? धुळ्याला. तुझ्याकडे. पाचोरा, चाळीसगाव, धुळे, एवढं डोक्यात पक्कं होतं. घसा दाखवायचा नव्हता, काही सांगायचं नव्हतं, नुसतं तुझ्या ओट्यावर बसायचं होतं. फारुखभाईंनी आरशातून पाहिलं. म्हणाले, ‘टेसनपे ले जातो अक्का, आपल्याला काय. लेकिन पहले तलावाला एक चक्कर मारू.’ मेहरूणच्या तलावाला एक चक्कर झाली, दुसरी झाली. तिसऱ्या चक्करला म्हणाले, ‘वो मशीनवाली पोरगी रोज दरवाज्यात उभी राहते तुमच्यासाठी. आज नाही गेल्या तर तिला वाटेल, मेरेसेच काही चुकलं.’ झालं! मी घड्याळ पाहिलं, अकराला पाच कमी. आपल्या सिस्टरांनी आपल्याला धैर्य शिकवलं की नाही, मला शंका आहे. पण कोणाला ताटकळत ठेवायचं नाही हे असं शिकवलं आहे की वेळ पडली तर तेच धैर्याचं काम करतं. अकराला मी टेबलावर होते. सातचा पाढा त्या दिवशी चुकला.

तर तेहेतीस दिवस संपले, शुक्रवारी पूनमने तो मुखवटा मला भेट दिला (टाकून देतात नाहीतर), आणि मी तो नव्या पांढऱ्या रुमालात गुंडाळून देवघराच्या वरच्या फळीवर ठेवला. का तिथे? कारण मेघाने नुकतंच सगळं घर आवरलं होतं आणि तेवढीच एक फळी रिकामी होती. घर का आवरलं होतं? कारण रविवारी कानबाई होती. तुला कानबाई सांगायला नको, लहानपणी माझ्याकडे किती वेळा फुगड्या घालून गेली आहेस. श्रावणात एका रविवारी बसते आणि सोमवारी जाते. नारळाला नाक-डोळे काढून, नथ घालून नटवायचं, चौरंगावर बसवायचं, आणि भाऊबंदांनी मिळून रोट करायचे. यंदा बसवायची पाळी आमची. कमलबाई शनिवारीच पाचोऱ्याहून सव्वा सव्वा मुठीने मोजलेले गहू, लाल भोपळा आणि दोन सुना घेऊन आल्या. मी औषध घेऊन आतल्या खोलीत झोपलेली. मला उठवायचं नाही, असं त्यांनीच सगळ्यांना दटावलेलं.

रविवारी संध्याकाळी गाण्याच्या आवाजाने मला जाग आली. केस सारखे करत बाहेर आले आणि मदिना, चौरंगावर मी बसले होते! माझं नाक. माझी हनुवटी. माझी ती उजवी भुवई, जी डावीपेक्षा वर आहे. डोळ्यांच्या जाळीत काजळ भरलेलं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, गळ्यात वज्रटीक, पाठीमागे आधाराला नारळ, आणि नाकात माझीच नथ, मी जिवंतपणी मेघाला देऊन टाकलेली. समोर वीसेक बायका टाळ्या वाजवत गात होत्या आणि एक आजी माझ्या तोंडाला पेढा लावत होत्या. तिथल्या त्या तोंडाला. कमलबाईंना फळीवर रुमालात गुंडाळलेलं बाईचं तोंड सापडलं, आणि त्यांना वाटलं, शहरात हल्ली नारळावर नाक-डोळे रंगवत नाहीत, तयार मुखवटा आणतात. चांगला हलका शे, म्हणाल्या म्हणे, आणि घाम बी याव नही, बठ्ठी जाळीच शे.

मी ओरडले. म्हणजे ओरडायला तोंड उघडलं. तेव्हा माझा आवाज शून्य होता. तोंडातून नुसती फुस्स अशी हवा आली. मी चौरंगाकडे बोट दाखवलं, मग माझ्या तोंडाकडे दाखवलं, पुन्हा चौरंगाकडे, पुन्हा तोंडाकडे. अंग अशक्तपणाने थरथरत होतं आणि केस मोकळे. वीस बायका एकदम उठल्या. कानबाई अंगात आली! कोणी माझ्या कपाळाला कुंकू फासलं, कोणी पायावर पाणी घातलं. कमलबाई हात जोडून पुढे आल्या आणि आपल्या नातवाच्या लग्नाचं विचारू लागल्या, ‘माय, मना नातूनं लगीन कव्हय व्हई?’ मी जोरजोरात मान हलवून नाही नाही म्हटलं. त्या मटकन खाली बसल्या, ‘व्हवावच नही का वं माय?’ शेवटी मी भिंतीवरचं कॅलेंडर ओढून त्याच्या मागे लिहिलं, आणि घाबरल्यावर माझ्या हाताला काय होतं तुला ठाऊक आहे, सगळं इंग्रजीत, लपेटीदार अक्षरात, सिस्टर बेनेडिक्टांच्या वळणाने. तो कागद त्यांनी देवीचा निरोप म्हणून हळदीकुंकू वाहून चौरंगावर ठेवला.

मेघा स्वयंपाकघरातून रोटांचं ताट घेऊन आली. तिने कागद वाचला, चौरंगाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, ताट खाली ठेवलं आणि भिंतीला टेकून हसत हसत खाली बसली. मग तिनेच सगळ्यांना सांगितलं, हा आईंच्या कॅन्सरच्या शेकाचा मुखवटा आहे. मला वाटलं आता झालं. विटाळ, अपशकुन, भाऊबंद काय म्हणतील, सगळं येणार. कमलबाई जमिनीवरून उठल्या. मग माझ्याजवळ आल्या, माझ्या काळ्या मानेवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, ‘मंग काय व्हयनं वं? तेहेतीस दिन तुना तोंडवर बठनी, तुले वाचाडं. मंग हाईच कानबाई शे.’ आणि वळून बायकांना म्हणाल्या, ‘गाणं म्हना, बसी काय ऱ्हायन्यात?’

गाणं झालं, मदिना. पहाटेपर्यंत झालं. सोमवारी सगळा लवाजमा मेहरूणच्या तलावावर गेला, नारळाचं विसर्जन झालं आणि मुखवटा कमलबाईंनी पदराखाली घरी परत आणला. प्लास्टिक तलावात टाकायचं नाही, असं त्यांनीच सगळ्यांना ऐकवलं.

परवा डॉक्टरांनी नळी घालून घसा पाहिला. सूज आहे, पण गाठ दिसत नाही, म्हणाले. पक्कं तीन महिन्यांनी सांगतील. आणि मंगळवारी सकाळी मी बोलले! ‘कुकर’ म्हणाले. तीन शिट्ट्या झाल्या होत्या आणि कोणाचं लक्ष नव्हतं. आवाज दारूच्या दुकानाच्या मालकासारखा आला, पण आला. मेघा गॅस बंद करायच्याऐवजी मला मिठी मारून उभी राहिली. भात लागला.

आता पत्र फार लांबलं. नईमला आणि सुनेला आशीर्वाद. महेकच्या परीक्षेचं कळव. तिच्या आजीसारखी ती परीक्षेच्या दिवशी कपाटात बसत नसेल अशी आशा आहे.

तुझी,
हेमू

ता. क. : हे पत्र पोस्टाने आलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. नईम ते माझ्याकडून घेऊन गेला, आणि तू हे वाचत असताना तो दाराशी चपलांकडे बघत उभा असेल. त्याला रागावू नकोस. त्याने मला काहीही सांगितलेलं नाही.

आणखी एक : येत्या मंगळवारी अकराची तुझी वेळ मी इथे घेऊन ठेवली आहे. नाव लिहिलं, मदिना शेख. पूनमला मी विचारून पाहिलं की त्या नावाने मी आत गेले तर चालेल का. (एकदा चाललं होतं.) ती म्हणाली, यंत्र आधी फोटो काढतं, आजी, लगेच पकडेल. तेव्हा या खेपेला माझा नाइलाज आहे. बाकी सगळं विचारून ठेवलं आहे. आत बायकाच असतात. तुला मुखवटा नाही, कातडीवर नुसत्या खुणा. कायमचं गोंदण तुला चालायचं नाही हे मी आधीच सांगितलं, तर म्हणाली, शाईने काढू आणि वरून पारदर्शक पट्टी लावू, फक्त घासून धुवायच्या नाहीत. कातडी लाल होईल, दमशील, ते मी झाकून ठेवत नाही. पण तुझे दिवस पंधराच आहेत. (मला तेहेतीस होते. माझा हेवा अजून गेलेला नाही.) पंधराही दिवस तू माझ्याकडे राहायचं. दवाखाना सोडला तर तुला काही काम नाही, मला बोलायची मनाई आहे, तेव्हा गप्पा तूच मारायच्या आहेत.

आणि सगळ्यात मोठी बातमी मुद्दाम शेवटी ठेवली आहे. गाठ डाव्या बाजूला होती आणि त्या बाजूला हृदय असतं. म्हणून हल्ली अशा बायकांना सांगतात, खोल श्वास घ्या आणि वीस सेकंद रोखून धरा. छाती फुगते, हृदय मागे सरकतं, आणि तेवढ्यातच यंत्र आपलं काम उरकतं. श्वास सुटला की थांबतं, घेतला की पुन्हा सुरू. पूनम म्हणाली, पुष्कळ बायकांना ते जमत नाही, आधी सराव करून घ्यावा लागतो. मी पाटीवर लिहिलं, आमची बाई सराव करूनच येईल. सिस्टर बेनेडिक्टांनी बावीस चादरी मोजल्या होत्या, दोनदा, आणि कपाटातून एवढासाही आवाज आला नव्हता.

शेवटचं, म्हणजे कोणाला काय. जूनमधली यादी रद्द. ही नवी, आणि ती नईमने मोठ्याने वाचावी :

तांब्याचा बंब कमलबाईंकडून परत. थंडी येते आहे आणि मी आहे.

त्याच्या बदल्यात मुखवटा कमलबाईंना, कायमचा. पुढच्या श्रावणात पाळी त्यांच्या घरी आहे. काजळ पुसायचं नाही.

नथ आणि शिलाई मशीन मेघाकडेच. मशीन मात्र पंधरा दिवस तुझ्यासाठी उसनं, कारण पुढून उघडणारे, मऊ सुती चार कुडते लागतील आणि धुळ्या-जळगावात तुझ्यासारखे कोणी शिवत नाही.

ओला पंचा आणि ताकाचा थर्मास तुला. लागणार काहीच नाही, पण पहिल्या दिवशी बरोबर असावं.

दोन खणी डबा तू स्वतः घेऊन यायचा. एक खण भरून आण, तिखट बेताचं घाल. दुसरा मी भरते.

आणि लिननच्या कपाटाची पितळी किल्ली कोणालाच नाही. ती मी आज सकाळी फारुखभाईंच्या रिक्षातून मेहरूणच्या तलावात फेकली. (नेम चुकला, काठावरच पडली. ते उतरले आणि त्यांनी पुन्हा फेकली.) मंगळवारी अकराला मी दारात उभी असेन. मला ताटकळत ठेवू नकोस.